साचा आपला असावा

आमच्या पेणच्या गणपती कारखान्यांत मूळ मूर्तीला उगाच कुणी हात लावत नाही. तिच्यावरून रबराचा साचा काढायचा आणि काम साच्यावर करायचं. साचा फाटला तर दुसरा काढता येतो. मूळ मूर्तीलाच धक्का लागला, तर पुढचा प्रत्येक गणपती तो घेऊनच निघतो.

घरच्या कारखान्याच्या ऑर्डरी मी पायथनच्या एका स्क्रिप्टमध्ये ठेवतो. उंची, गिऱ्हाईक, गाव, बयाणा. ती चालवायला पायथनचा इंटरप्रिटर लागतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमने द्यावा, की आपण आणावा?

मॅकवर तो वर्षानुवर्षं आयता मिळायचा, पण पायथन २.७. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. मॅकओएसमधून ती निघाली २०२२ मध्ये, १२.३ या आवृत्तीत. आयत्या वस्तूचं हे असंच. ती कधी बदलायची, कधी काढायची, हे देणारा ठरवतो.

लिनक्सचं दुखणं वेगळं. तिथे सिस्टिमची स्वतःचीच काही कामं पायथनवर चालतात. आपण पिपने एखादी लायब्ररी बदलली, तर सिस्टिमचंच एखादं हत्यार बंद पडू शकतं. म्हणून २०२३ च्या डेबियन १२ पासून पिप तिथे थेट काही घालू देत नाही; वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, असं सांगतो. पुष्कळ जण यावर वैतागतात. मला हे पटतं. मूळ मूर्ती त्यांची, साचा आपला.

पण मग साचा काढायची मुभा तरी हवी ना?

माझ्याकडे कोडिंग शिकायला येणाऱ्या पोरांकडे लॅपटॉप नाही. फोन हाच त्यांचा कॉम्प्युटर. अँड्रॉइडमध्ये पायथन नसतो, म्हणून ती टर्मक्स वापरतात. अँड्रॉइड १० पासूनचे नियम लागू होणाऱ्या अ‍ॅपला मात्र स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवलेला प्रोग्रॅम थेट चालवता येत नाही. टर्मक्स अजून जुन्या नियमांच्या आधारावर तग धरून आहे. बंदीमागचं कारण खोटं नाही. जी वाट शिकणाऱ्याला मोकळी, ती चोरालाही मोकळी.

तरी कॅमेरा वापरू का, लोकेशन बघू का, हे फोन आपल्याला विचारतोच. 'हा इंटरप्रिटर चालवू का?' हेही विचारावं. सिस्टिमने आपला पायथन खुशाल कुलपात ठेवावा. पोरांना त्यांचा ठेवायला जागा द्यावी, म्हणजे झालं.