तेरच्या अंगणातले लाल संत्रे

माघात धाराशिवहून तेरला निघालात, तर वाटेत घाई करू नका. दुतर्फा कणसांनी भरलेली ज्वारी असते, मधूनच करडईची पिवळी-केशरी फुले डोकावतात. सुमारे वीस किलोमीटरवर तेरणेच्या काठी गोरोबाकाकांचे हे गाव वसले आहे. माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या येथेच राहते.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई आणि तेथून जहाजाने पश्चिमेकडे. गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही पाहता येतात. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक मूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेली आहे.

हे सारे आठवण्याचे निमित्त एक फळ ठरले. पुण्याहून आलेल्या भाचीने इटलीतून आयात झालेली चार संत्री आणली होती. बाहेरून ती आपल्या मोसंबीएवढी, केशरी सालीवर तांबूस झाक असलेली. अंगणात बसून एक आडवे कापले, तर आतला गर डाळिंबाच्या दाण्यांसारखा गडद लाल! आत्या चकित झाली. “अरे, हे तर रक्तच! रोज एक दे मला, मग त्या गोळ्या नकोत.”

आपल्याला हे फळ मिळाले, तर प्रथम सालीचा वास घ्या. तो संत्र्याचाच असतो. मग एक फोड जिभेवर ठेवून सावकाश चावा. आरंभी मोसंबीची गोडी, पाठोपाठ संत्र्याचा आंबटपणा आणि शेवटी पिकलेल्या तुतीची आठवण करून देणारी चव, किंचित कडसर. दात नसलेल्या आत्यानेही फोडींवरचे पापुद्रे काढून ते आवडीने खाल्ले.

हा लाल रंग येतो अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यातून. जांभूळ आणि डाळिंब यांनाही रंग देणारी द्रव्ये याच कुळातली. हे संत्रे सिसिली बेटावर एटना ज्वालामुखीच्या परिसरात विपुल पिकते. दिवसा ऊन आणि रात्री कडक गारठा मिळाला, की गर रंगू लागतो. आपल्या मराठवाड्यातील मोसंबीच्या वाणात हा गुणच नाही, म्हणून ती कितीही थंडी पडली तरी फिकट पिवळीच राहते. गंमत अशी, की संत्र्याचे इटालियन नाव ‘अरांचा’ आपल्या संस्कृत ‘नारंग’ या शब्दावरूनच फारसी-अरबी मार्गे तिकडे पोहोचले.

मात्र आत्याच्या बोलण्याने मी अस्वस्थ झालो, कारण त्यामागे माझीही एक चूक होती. मागच्या वर्षी ती थकल्याची तक्रार करीत असे. घरचे तिला बीट आणि डाळिंबाचा रस देत होते. मीही फोनवर ‘वयाचा थकवा’ म्हणून विषय संपवला. पुढे जिना चढताना तिला धाप लागू लागली, तेव्हा तपासणी केली. हिमोग्लोबिन सात निघाले. गुडघ्यांसाठी ती वर्षानुवर्षे घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण झाला होता आणि तेथून थोडे थोडे रक्त जात होते. तीन-चार महिने आम्ही लाल रंगावर विसंबून घालवले.

वाचकहो, लाल फळाने रक्त वाढते ही समजूत केवळ रंगसाम्यावर उभी आहे. शंभर ग्रॅम संत्र्यात लोह जेमतेम ०.१ मिलिग्रॅम असते. त्याचा खरा गुण वेगळा आहे. त्यातील सुमारे ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व भाकरी, डाळी आणि पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास साहाय्य करते. म्हणून फळ जेवणासोबत घ्यावे. चहा मात्र जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवावा. यासाठी महागड्या परदेशी फळाची गरज नाही. साधी मोसंबी, पेरू, लिंबू किंवा आवळा हेच काम करतात.

मधुमेह असल्यास रसाऐवजी फोडी खाव्यात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास पोटॅशियममुळे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. लाल गराचे पपनस हे वेगळे फळ आहे. रक्तदाब वा कोलेस्टेरॉलच्या काही औषधांचा परिणाम त्याने बदलू शकतो, तेव्हा विचारल्यावाचून खाऊ नये. आणि घरातील वृद्ध थकू लागले, फिकट दिसू लागले, धाप लागू लागली किंवा शौचास काळी होऊ लागली, तर रस काढत बसू नये. रक्ताची तपासणी आधी करावी आणि रक्त कमी का झाले, याचा शोध घ्यावा.

त्या सायंकाळी आत्याला मी हेच समजावले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “म्हणजे गोळी गोळीच्या जागी, फळ फळाच्या जागी.” मग गोळी घेतली आणि उरलेल्या दोन फोडी मिटल्या डोळ्यांनी, निव्वळ चवीसाठी खाल्ल्या.