सप्टेंबरातला रेडिओ

सफरचंदाच्या फोडींत दोन-चार लवंगा पडल्या की जो वास सुटतो, तो पुण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात क्वचितच दरवळतो, पण दरवळला की मी २००२च्या सप्टेंबरात जाऊन पोचतो, उत्तर आयर्लंडातल्या आर्मा काउंटीत, जिथे तेव्हा मी ज्युनिअर डॉक्टर होतो आणि सफरचंदाची बाग असलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या माडीवर भाड्याने राहत होतो. गणपती नुकतेच झाले होते, घरची आठवण गळ्याशी यायची आणि बाहेर बारीक पाऊस, ओलं गवत, झाडाखाली पडून कुजणाऱ्या ब्रॅम्ली सफरचंदांचा आंबूस, किंचित मादक वास. त्या वर्षी मात्र प्रत्येक कुंपणावर, दुधाच्या डब्यावर, चर्चच्या वाटेवरच्या खांबावरसुद्धा नारिंगी-पांढऱ्या पताका फडफडत होत्या. आर्मा गेलिक फुटबॉलच्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यात पोचलं होतं.

हा खेळ मला आजोबांनी (मी मनात त्यांना आजोबाच म्हणायचो) जेवणाच्या टेबलावर मिठाची आणि मिरीची बाटली सरकवून शिकवला: पंधरा-पंधरा गडी, चेंडू हातात घेऊन पळायचं, पण चार पावलांत तो आपटायचा नाहीतर बुटाच्या टोकावरून उडवून पुन्हा झेलायचा; आडव्या दांडीवरून मारला तर एक गुण, जाळ्यात मारला तर गोल, म्हणजे तीन. आणि कोणालाच पगार नाही. रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांसमोर उतरलेला गडी सोमवारी आपल्या नोकरीवर जातो, हे ते मला इतक्या अभिमानानं सांगत की जणू पोरगा त्यांच्याच घरचा.

आर्माने तोवर ऑल-आयर्लंडचा चषक एकदाही जिंकला नव्हता. १९५३ साली केरी काउंटीविरुद्धच्या अंतिम सामन्यात आर्माच्या बिल मॅककॉरीची पेनल्टी हुकली होती. आजोबांनी ती लहानपणी शेजाऱ्यांच्या खिडकीखाली उभं राहून रेडिओवर ऐकली होती. १९७७ मध्ये डब्लिनने हरवलं. आता पंचवीस वर्षांनी समोर पुन्हा केरी.

२२ सप्टेंबरला दुपारी आजींनी शेगडीत कोळसा सारला, लवंगा घातलेला सफरचंदाचा टार्ट भट्टीत ठेवला, आणि आजोबांनी टीव्ही लावून त्याचा आवाज पार बंद केला. मग कपाटावरचा जुना रेडिओ, त्याच्या कापडी जाळीला वर्षानुवर्षांच्या तळणाचा चिकट थर, खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर, आणि त्यातून समालोचक मीहॉल ओ मुर्हेर्टी यांचा आवाज. ते स्वतः केरीचे, पण त्या वेगवान, लयदार बोलण्यात दुजाभाव शोधून सापडायचा नाही. चित्र टीव्हीचं आणि आवाज रेडिओचा, ही तिथल्या अनेक घरांची रीत होती.

मध्यंतराच्या तोंडाशी आर्माच्या ओशीन मॅकॉनव्हिलची पेनल्टी हुकली. आजोबा उठले, एक शब्द न बोलता मागच्या दारानं बागेत गेले. मध्यंतराला आर्मा चार गुणांनी मागे. तिकडे ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक जो कर्नन यांनी १९७७च्या पराभवाची आपली स्मृतिपट्टी भिंतीवर फेकून मारली, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मला दिसत होती ती फक्त काचेवरून ओघळणाऱ्या पावसापलीकडची एक पाठमोरी, टोपी घातलेली आकृती. मग दुसऱ्या अर्ध्यात त्याच मॅकॉनव्हिलने पॉल मॅकग्रेनकडे चेंडू दिला, परत घेतला आणि जाळ्यात घातला. रेडिओचा आवाज चढला तसा आजींनी खिडकी उघडून हाक मारली. आजोबा चिखलाच्या बुटांनी थेट चटईवर आले आणि आजी काहीच बोलल्या नाहीत.

१-१२ विरुद्ध ०-१४ (आधी गोल, मग गुण). एका गुणाने आर्मा जिंकलं, कर्णधार किअरन मॅकगीनीने सॅम मॅग्वायर चषक उचलला. आजोबांनी माझा खांदा घट्ट धरला. "पोरा, तू पाहिलंस ना? तू होतास ना इथे?" लवंगांचा वास भरलेल्या त्या स्वयंपाकघरात मला पहिल्यांदाच परकं वाटलं नाही.

आता खेळ बदललाय. दुरून मारलेल्या चेंडूला दोन गुण मिळतात, आणि ते मला आवडतं. अंतिम सामना जुलैत होतो, ते कळतं पण मन घेत नाही. आजी-आजोबा गेले. मुर्हेर्टी २०२४च्या जूनमध्ये गेले. त्यानंतर महिनाभराने, २८ जुलैला, आर्माने गॉलवेला एका गुणाने हरवून दुसऱ्यांदा तो चषक आणला. या वेळी मॅकगीनी प्रशिक्षक होता. मी पुण्यात मोबाइलवर सामना पाहिला, आवाज बंद ठेवून. आर्मातली सफरचंदं तेव्हा अजून कच्ची होती. ती उतरायला सप्टेंबर लागतो.