मी निवडणुकीला उभा राहतो

सोसायटीच्या कमिटीवर जायची मला हौस होती असं कुणी म्हटलं, तर तो माझ्यावर घोर अन्याय होईल. मी उभा राहिलो तो केवळ आमच्या न्हाणीघराच्या छतामुळे. तिथे गेली तीन वर्षं एक ओला डाग आहे. पहिल्या वर्षी तो श्रीलंकेसारखा दिसायचा, आता ऑस्ट्रेलिया झाला आहे. छताच्या वर काका राहतात आणि काकाच आमचे सेक्रेटरी. म्हणजे तक्रार काकांविरुद्ध, द्यायची काकांकडे, आणि तिच्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारणार तेही काकाच!

"रोज माझ्यापुढे कुरकुरण्यापेक्षा स्वतः उभे राहा की," ही म्हणाली. गवार मोडता मोडता म्हणाली, तेव्हा फारसं मनावर घेऊन म्हणाली नसावी. पण मी घेतलं. शिवाय मी बी.कॉम., त्यात बँकेत कारकून. अशा माणसाला हिशेब कळतो असा लोकांचा समज असतो. तो मी वीस वर्षं पगार घेऊन जपला आहे.

अर्ज भरला आणि प्रचाराला लागलो. डोंबिवलीचा माणूस रात्री साडेआठच्या आत घरी सापडत नाही, आणि सापडतो तेव्हा त्याच्या पुढ्यात ताट असतं. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पाण्याची वेळ वाढवा म्हणून सांगितलं, तिसऱ्यावरच्यांनी कमी करा म्हणून. मी दोघांनाही "बघतो" म्हटलं. आपल्याला राजकारणात गती आहे, असं त्या क्षणी वाटून गेलं. एकांनी फ्लॅट भाड्याने दिलेला. त्यांना बिनभोगवटा शुल्क नको होतं. ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर नेता येत नाही, हे मी नियमासकट समजावलं. "मग तेवढंच रद्द करा," ते म्हणाले. एका संध्याकाळी नऊ घरं झाली, म्हणजे नऊ चहा. रात्रभर छताकडे बघत जागा होतो.

घरी वेगळीच भानगड. फ्लॅट एक, मत एक, हा सोसायटीचा कायदा. आमच्या करारात पहिलं नाव माझं. "म्हणजे घर चालवायचं मी आणि मत तुमचं?" हिने विचारलं. मी गवारीची चौकशी केली.

अर्ज भरायची मुदत संपली तेव्हा कळलं, जागांपेक्षा अर्जच कमी आलेत. काकांनी तर भरलाच नव्हता. सगळे बिनविरोध! नऊ चहा फुकट गेले. मला खजिनदार केलं, आणि मग कायदा कळला. कमिटीच्या बऱ्यावाईट निर्णयांना आपण सर्वजण एकत्र आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे जबाबदार आहोत. अर्ज भरताना हे कुणी बोललं नव्हतं.

पहिलं काम थकबाकीचं. थकबाकीवर उपविधीप्रमाणे सालिना 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. आमच्या बँकेला गृहकर्जावर असं काही स्वप्नातसुद्धा जमत नाही. मी हात चोळत खतावणी उघडली. तळमजल्यावरच्या आजींचं पान लख्ख. दर एक तारखेला चौदाशे रुपये रोख, एकही खाडा नाही. आजोबा गेल्यावर या बाईंचं कसं चालतं, असं बिल्डिंगीत सगळेच म्हणायचे. कौतुक वाटलं.

पण मी कारकून. आकड्यांआधी मला अक्षर दिसतं. भरणा-स्लिपांवरच्या 'चौदाशे'तला तो पोट फुगलेला 'च' मी ओळखीत होतो. माझ्याकडे सात तक्रारींवर तोच 'च' होता, 'विचाराधीन'मधला.

वर गेलो. काका पेपर वाचत होते.

"काका, आजी पैसे तुमच्याकडे आणून देतात का?"

त्यांनी पेपर खाली केला नाही. "आजोबा होते तोवर ते द्यायचे."

"आणि आता?"

"त्यांना वाटतं सोसायटीने माफ केलंय. सांगू नका." मग बऱ्याच वेळाने, "तुमच्या डागासाठी प्लंबर सोळा हजार सांगतो. पेन्शनीत दोन्ही बसेना."

चहा त्यांनीच केला. दहावा.

गेल्या एक तारखेला आजींची स्लिप मी भरली. निम्मे काकांचे, निम्मे माझे. तसला 'च' काही मला जमला नाही. हिला यातलं माहीत नाही. तिने न्हाणीघरात आता बादलीच्या जागी पिंप आणून ठेवलं आहे, आणि रोज सकाळी खजिनदारसाहेबांना विचारते, "डागाचं काय झालं?"

मी सांगतो, विचाराधीन आहे.