अडनिडे वय

बालपणाचे कौतुक कवींनी केले, तारुण्याचे कादंबरीकारांनी केले आणि म्हातारपणाचे ज्याचे त्यानेच केले. राहता राहिले ते मधले तेराचौदा वर्षांचे वय. शास्त्रीय भाषेत त्याला पौगंडावस्था असे भारदस्त नाव आहे. पण वर्गात मी हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकते. एखाद्या रोगाचे नाव सांगितल्यासारखे वाटते. त्यापेक्षा आमच्या आजीचा शब्द मला अधिक आवडतो. ती म्हणे, "अडनिडं वय आहे पोरीचं, सांभाळा." जुना फ्रॉक गुडघ्याच्या वर जातो आणि आईची साडी पायात येते, असे ते वय. पाहुण्यांपुढे गाणे म्हणायला मोठी आणि पाहुण्यांच्या गप्पांत बसायला लहान!

माझे हे वय एका तालुक्याच्या गावी गेले. 1994 साली मी नववीत होते. गावच्या एकुलत्या एक थिएटरात त्या वर्षी 'हम आपके हैं कौन' लागला होता आणि आमची अख्खी आळी स्वतःच्या घरचे लग्न असल्यासारखी नटूनथटून तो पाहून आली. मला तो आवडला, नाही असे नाही. पण त्यात माझ्या वयाचे कोणी नव्हते. त्या काळच्या पडद्यावर एक तर गोजिरवाणी बाळे असत, नाही तर थेट प्रेमात पडलेले नायक-नायिका. मधल्या माणसाची कोणी दखलच घेत नसे.

ती दखल घेतली गेली, पण पुष्कळ उशिरा. 2010 ते 2016 या सहासात वर्षांत मराठीत या वयावरचे एकाहून एक सरस चित्रपट आले. तोवर माझे लग्न झाले होते, नोकरी कायम झाली होती, पुढे मुलगीही झाली. एखाद्याची मुंज राहून जावी आणि ती त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी उरकावी, तशातला प्रकार! पण मी ते सारे चित्रपट अधाशासारखे पाहिले.

पहिला 'विहीर'. उमेश कुलकर्णी यांचा हा चित्रपट 2010 साली आला. समीर आणि नचिकेत हे दोघे मावसभाऊ. त्यांतला नचिकेत विहिरीत बुडून जातो आणि गेलेले माणूस जाते तरी कुठे, या एका प्रश्नापाठी समीर वेडापिसा होतो. घरातली मोठी माणसे रडतात, विधी करतात, कामाला लागतात. मुलाच्या प्रश्नाला उत्तर कोणापाशीच नसते. 2012 साली आलेली 'शाळा' मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरची, दिग्दर्शक सुजय डहाके. काळ आणीबाणीचा. देशात काय चालले आहे त्यापेक्षा शिरोडकरने आज मागे वळून पाहिले की नाही, हा मुकुंद जोशीपुढचा मोठा प्रश्न. 2013 सालच्या रवी जाधवांच्या 'बालक-पालक'मध्ये तर आमच्या विषयाचीच मौज आहे. चाळीतल्या एका मुलीने 'शेण खाल्ले' असे मोठी माणसे कुजबुजतात आणि ही चार मुले त्या वाक्प्रचाराचा अर्थ शोधू लागतात. गेली वीस वर्षे मी वाक्प्रचार शिकवते आहे. त्यांचा अर्थ जाणून घ्यायची इतकी तळमळ माझ्या एकाही विद्यार्थ्यात मला आढळलेली नाही. मग 2015 सालचा अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. बर्लिनच्या महोत्सवातून स्फटिकाचे अस्वल जिंकून आलेला. वडील वारलेले, आईची बदली कोकणात झालेली, आणि अकरा वर्षांच्या चिन्मयला नवे मित्र भर पावसात किल्ल्यावर एकटे टाकून निघून जातात. त्या प्रसंगी थिएटरात माझ्या शेजारी बसलेले एक पेन्शनर गृहस्थ चष्मा पुसत होते. अडनिडे वय सरत नाही, ते नुसते आत जाऊन बसते, हे मला तेव्हा कळले.

यंदाच्या सुट्टीत मी हे चित्रपट पुन्हा पाहिले, ते लेकीसोबत. ती आता चौदा वर्षांची आहे. मी गदगदून सांगत होते, "बघ, हा समीर, हा जोशी, हा चिन्मय!" तीन दिवस तिने निमूटपणे पाहिले. 'शाळा' संपली, शिरोडकर गाव सोडून गेली, तशी ती म्हणाली,

"आई, पण शिरोडकरला काय वाटत होतं?"

"म्हणजे?"

"तिच्याकडे सगळे बघतात. ती काय बघते, ते कोणी दाखवतच नाही. तू तर मुलगी होतीस ना? मग तुला तो जोशीच कसा आपला वाटला?"

मी वर्गात देते तसे उत्तर दिले. कादंबरी प्रथमपुरुषी आहे, निवेदक जोशी आहे, त्याला दिसते तेवढेच आपल्याला दिसणार, वगैरे. 'सैराट'मधल्या आर्चीचाही दाखला दिला. ती वर्गात परश्याकडे बिनदिक्कत टक लावून पाहते, ट्रॅक्टर चालवते, हे सांगितले. लेकीने मान डोलावली. पण माझे उत्तर मलाच पटले नव्हते. कारण आमच्या यादीतला एक चित्रपट मी मुद्दाम मागे ठेवला होता.

तो 'फँड्री'. नागराज मंजुळे यांचा हा पहिला चित्रपट 2014 सालच्या फेब्रुवारीत आला. कैकाडी समाजातला जब्या वर्गातल्या शालूवर जीव लावून बसला आहे. काळ्या चिमणीची राख टाकली की ती आपली होईल, अशी त्याची समजूत. आणि एक दिवस शाळेच्या जवळच त्याला घरच्यांबरोबर डुकरे धरावी लागतात. जब्या तोंड लपवत राहतो, पण लपायला जागा उरत नाही. सारी शाळा तो तमाशा पाहायला लोटते, हसते. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि हाती आलेले डुकर सोडून ते कुटुंब ताठ उभे राहते. त्या बघ्यांत शालूही असते. चित्रपटभर ती फारशी बोलत नाही. लेकीच्या प्रश्नाचे उत्तर या चित्रपटापुरते मात्र मला ठाऊक होते. शालू काय पाहते, हे मी सांगू शकत होते.

आमच्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. त्याचे अक्षर इतके वळणदार की वर्गाच्या फळ्यावरचा सुविचार रोज त्याने लिहावा, असे बाईंनीच ठरवून दिले होते. त्याचे वडील शाळेपासून थोड्या अंतरावर, पिंपळाखाली चपला शिवायला बसत. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नसे. सहामाही परीक्षेच्या सुमारास वडील आजारी पडले असावेत. एका दुपारी शाळा सुटली तर पिंपळाखाली तो बसलेला. अंगावर शाळेचाच सदरा. नेमका माझ्या चपलेचा अंगठा त्याच दिवशी तुटला होता. मैत्रिणींनी मला ढकलतच पुढे नेले. त्याने मान वर न करता चप्पल घेतली, आरीने भोक पाडले, दोरा ओवून टाके घातले. मागून कोणीतरी म्हणाले, "आता सुविचारही लिहून दे तिच्या चपलेवर." सगळ्या हसल्या. मीही हसले. पैसे किती, म्हणून मी विचारले नाही. एक रुपयाचे नाणे त्याच्या हातात न देता खाली पोत्यावर टाकले आणि आम्ही पळालो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा फळ्यावरचे अक्षर बदलले होते.

'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ पडद्यातून आपल्या अंगावर येतो. 2014 साली थिएटरात मी त्या क्षणी डोळे मिटून घेतले होते. बाहेर पडल्यावर 'हे' म्हणाले, "फारच परिणामकारक शेवट!" मी होकार भरला. जोशीत, समीरमध्ये, चिन्मयमध्ये मी वर्षानुवर्षे स्वतःला हौसेने शोधत आले होते. जिथे मी खरोखर सापडत होते, ती गर्दी मात्र कोणाला दाखवली नव्हती.

यंदा लेकीला 'फँड्री' दाखवला आणि तो संपल्यावर हे सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती.

"तू का हसलीस?"

"सगळ्या हसत होत्या म्हणून."

"हे काही कारण नाही, आई."

"नाही."

"मग नंतर त्याला शोधलंस?"

"नाही."

यावर ती काही बोलली नाही. उठून आत गेली. मी टीव्ही बंद केला आणि अंधारात थोडा वेळ बसून राहिले. मग ती परत आली, माझ्या शेजारी बसली आणि तिच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगू लागली. ती मुलगी कोण, तिला सगळ्या काय म्हणून चिडवतात, आणि आपण त्या वेळी काय करतो, हे सगळे. ते मी येथे सांगणार नाही; ते तिचे आहे.

हे चित्रपट मला वीस वर्षे उशिरा भेटले, अशी माझी आजवरची तक्रार होती. ती मी आता मागे घेते. तिला ते वेळेवर भेटले आहेत. सुट्टी संपली की तिची शाळा भरेल, आणि ती मुलगी त्याच वर्गात असेल.