बारा पाणी

गेल्या रमजानच्या आधी अम्मीची जुनी ट्रंक उन्हात टाकायला काढली. तळाशी मलमलच्या ओढणीत गुंडाळलेला नानांचा मोठा फोटो होता. भिंतीवर फोटो लावणे नानांना कधी पसंत नव्हते, म्हणून त्यांच्या माघारी अम्मीने तो टांगला नाही, जपून ठेवला. ओढणी उलगडली आणि माझ्या छातीत धस्स झाले. नानांची पांढरी टोपी पिवळी पडली होती, दाढी तपकिरी झाली होती आणि मागचे कडुलिंबाचे झाड जवळजवळ पुसले गेले होते.

अम्मी म्हणाली, "जुना झाला, बेटा. सगळंच जुनं होतं."

मी गप्प राहिले. कारण याच फोटोची जुळी प्रत फलटणला खालाच्या घरी आहे. ती भिंतीवर, खिडकीच्या उजेडात, तीस वर्षांहून अधिक काळ टांगलेली आहे आणि आजही काळी ती काळी, पांढरी ती पांढरी. उजेडात राहिलेला फोटो टिकला आणि अंधारात जपलेला गेला. याचे कारण घरात फक्त मला माहीत होते.

माझ्या मामूंचा वडगाव निंबाळकरला फोटोचा स्टुडिओ होता. दुकानामागच्या खोलीला काळे पडदे, लाल दिवा, एक एन्लार्जर आणि बाहेर मोरीजवळ सिमेंटचा उथळ हौद. सुट्टीत मी तिथेच पडून असायचे. अंधारात कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू उमटताना पाहणे मला जादूसारखे वाटायचे. मामू म्हणायचे, "उमटवणं सोपं आहे. टिकवणं अवघड."

टिकवायचे म्हणजे धुवायचे. डेव्हलपरमधून निघालेला कागद हायपोत टाकतात. कागदावर ज्या चांदीच्या क्षारावर उजेड पडलेला नसतो, तो क्षार हायपो विरघळवून काढतो, नाहीतर सगळा कागद पुढे काळा पडेल. हायपोचा हा गुण इंग्लंडच्या जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच ओळखला होता. फोटोग्राफी आली ती वीस वर्षांनी. पण काम झाल्यावर हायपो स्वतः कागदात राहिला, तर तोच शत्रू होतो. त्यातले गंधक वर्षानुवर्षे हळूहळू चांदीला लागते आणि चित्र पिवळे, तपकिरी होत जाते. दमट हवेत आणि उकाड्यात हे आणखी लवकर होते.

हे दुखणे फोटोइतकेच जुने आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्या काळचे नामांकित फोटोग्राफर, तेही तिच्यात होते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये फोटो का उडतात हे शोधायला खास समिती नेमावी लागली. तिने मुख्य बोट ठेवले ते कागदात राहिलेल्या हायपोवर, म्हणजे अपुऱ्या धुण्यावर.

नंतर आलेल्या आरसी कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर असतो. पाणी आत शिरतच नाही, म्हणून तो चार मिनिटांत धुऊन होतो. मामू मोठे फोटो जुन्या, खऱ्या कागदावरच करायचे. त्या कागदाच्या तंतूंत हायपो मुरतो आणि तो निघायला तास लागतो. नळ धो धो सोडून उपयोग नाही. हायपो ओढून काढता येत नाही, तो आपल्या चालीने बाहेर येतो. म्हणून कागद पाण्यात ठेवायचा, थांबायचे, ते पाणी टाकून नवे घ्यायचे. नळाची धार लावण्यापेक्षा यात पाणीही कमी लागते. वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये असे आम्हाला लहानपणी शिकवलेले, त्यामुळे मामूंची ही रीत अम्मीला फार आवडायची.

त्यांचा हिशोब ठरलेला होता. दर पाच मिनिटांनी एक पाणी, अशी बारा पाणी. सोडियम सल्फाइट हाताशी असले, तर एका लिटरला वीस ग्रॅम घालून दहा मिनिटे त्यात फोटो बुडवायचा. मग निम्म्याहून कमी पाण्यात काम व्हायचे. शेवटी परीक्षा. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट दोन पेल्यांत, एकात साधे पाणी, दुसऱ्यात फोटोवरून निथळलेले. दोन्ही सारखे गुलाबी राहिले तर ठीक. निथळलेल्या पाण्याचा गुलाबी रंग उडाला, तर हायपो बाकी आहे. रंग टिकला तरी मामू आणखी दोन पाणी द्यायचे. म्हणायचे, "पेला पाण्याचं सांगतो, कागदाच्या पोटातलं नाही."

१९९३ चा मे महिना. त्या हिवाळ्यात नाना वारले होते. सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर, कडुलिंबाखाली उभे असलेले नाना मामूंनी कधीतरी टिपले होते. त्याचे २० बाय २४ इंचांचे दोन फोटो करायचे ठरले, एक खालाला, एक अम्मीला. एवढा मोठा कागद ओला झाला की जड होतो, एका हाताने उचलला तर मोड पडते आणि ती कधी जात नाही. समोरासमोरची दोन टोके धरून उचलायला मामूंनी मला शिकवले. सकाळी गार पाण्यात त्यांनी खालाचा फोटो स्वतः धुतला. दुपारी अम्मीचा केला आणि तेवढ्यात एका निकाहचे बोलावणे आले. सल्फाइट संपले होते.

"बारा पाणी. घड्याळ बघून," असे सांगून मामू गेले.

नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन बंद होते आणि विहिरी खाली गेल्या होत्या. एक पाणी म्हणजे एक बादली, आणि ती मला आडातून शेंदून आणायची होती. दोन पाणी मी नीट दिली. पुढची तीन भराभर उरकली. पाणी तर काचेसारखे स्वच्छ दिसत होते. फोटोही स्वच्छ दिसत होता. मैत्रिणी हाका मारत होत्या. फोटो काचेवर निथळायला लावला आणि पळाले.

मगरिबनंतर मामू आले. "बारा हुए?"

"हाँ मामू."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पेले काढले नाहीत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

आज मी शाळेत शिकवते. मुलांनी गृहपाठ चोरला की डोळ्यांवरून ओळखते. तरी स्वतःची ती सात पाणी इतकी वर्षे कुणाला सांगितली नव्हती. ट्रंक उघडली त्याच आठवड्यात मामूंकडे गेले. आता त्यांना नीट दिसत नाही. मी म्हणाले, "मामू, पाचच दिली होती."

ते थोडा वेळ थांबले. मग कारागिरासारखेच बोलले. "आता धुऊन पिवळा जाणार नाही. गंधक चांदीत गेलं. भिजवशील तर जिलेटिन सुटेल, आहे तेही जाईल. खालाच्या फोटोवरून प्रत काढ." आणि मग, "मी पेला बघायला हवा होता. घाई मलाही होती."

तसेच केले. बारामतीत खालाच्या फोटोवरून प्रत काढून घेतली. तुमच्या घरीही आजा-आजीचे काळे-पांढरे फोटो असतील. पिवळे पडू लागले असतील तर वाट पाहू नका. धुऊ, पुसू नका, लॅमिनेशन करू नका, चिकट पानांच्या अल्बममध्ये घालू नका. आजच प्रत काढा आणि मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव लिहा. फोटो टिकून नाव हरवले, असेही पुष्कळ घरांत झाले आहे.

नवी प्रत अम्मीच्या हातात दिली आणि तिलाही खरे सांगितले. तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग विचारले, "त्या दिवशी आडाला पाणी किती खोल होतं गं?"

"खूप खोल, अम्मी."

"तेरा वर्षांची होतीस," ती म्हणाली. पिवळा फोटो तिने पुन्हा त्याच ओढणीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला, आणि नवा माझ्या हातात दिला. "हा तू ठेव."