स्टेशनापासून वेशीपर्यंत

वऱ्हाडातल्या कारंज्याच्या स्टेशनात गाडी येणं बंद होऊन काही वर्षं झाली, तरी रिक्षावाल्याला ‘स्टेशन’ म्हटलं की तो बरोबर तिथंच आणून सोडतो. शकुंतलेचे, म्हणजे इथून धावणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीचे, रूळ अजून आहेत. त्यांच्यात गवत माजलंय, बाभळीची रोपटी उगवलीत, गंजाचा तांबूस रंग काळ्या मातीत उतरलाय. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट; एक ढांग टाकली की माणूस पलीकडे. रुळावर शेळ्या राखणारे एक आजोबा मला म्हणाले, “काय पाह्यता भाऊ, गाडी नाई येत आता.” मी म्हटलं, माहीत आहे, मी गावात पायीच चाललोय. “मंग बरोबर,” ते म्हणाले आणि शेळ्यांमागे निघून गेले.

कारंजा पाहायचं तर पायीच, आणि तेही स्टेशनापासून सुरुवात करून, असं मला मनापासून वाटतं. एसटीनं आलेला माणूस थेट बाजारात उतरतो. गाव त्याच्या अंगावर येतं. स्टेशनावरून निघालं की ते हळूहळू उलगडतं, आणि उलगडताना आपल्या जाण्यायेण्याचा हिशेबही सांगतं. कारण हे गाव जितकं आलेल्यांचं, तितकंच इथून गेलेल्यांचं आहे.

पहिला हिशेब कापसाचा. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही शकुंतलेची 113 किलोमीटरची अरुंद वाट 1903 साली किलिक निक्सनच्या कंपनीनं टाकली ती पांढऱ्या सोन्यासाठी. वऱ्हाडातल्या गठाणी या डब्यांतून मूर्तिजापूरला जायच्या, तिथं मोठ्या रुळावर चढायच्या, मुंबई गाठायच्या आणि बोटीनं इंग्लंडच्या गिरण्यांत पोचायच्या. पुढं 1923 मध्ये या मार्गावर जे वाफेचं इंजिन आलं, तेही इंग्लंडातच, मँचेस्टरमध्ये घडवलेलं. ते 1994 पर्यंत धावलं. देशातल्या रेल्वे सरकारनं ताब्यात घेतल्या, तरी ही वाट कागदोपत्री कंपनीचीच राहिली. कापूस तर गेलाच, रुळांची मालकीही कित्येक वर्षं इकडं आली नाही. मात्र गाडी लोकांनी आपली केली. तिला बाईचं नाव दिलं, तिच्यातून लेकी सासरी गेल्या, पोरं शिकायला यवतमाळला गेली. फाटक आलं की गाडीतलाच माणूस खाली उतरून ते लावायचा, गाडी पुढं गेली की उघडायचा आणि पुन्हा चढायचा. इतक्या बेतानं चालणाऱ्या गाडीवर माणसं प्रेम करणारच.

स्टेशन मागं पडतं. दिवाळीनंतरचे दिवस असतील तर सोयाबीनच्या कट्ट्यांनी भरलेले ट्रॅक्टर आणि कापसाची वाहनं समोरून येत असतात. रस्त्याच्या कडेला कापसाचे पांढरे पुंजके अडकलेले असतात. नवी वस्ती, दुकानं, दवाखाने, शिकवण्यांच्या पाट्या. हा भाग कुठल्याही तालुक्याच्या गावासारखा आहे, तिथं पाय थबकत नाहीत. जयस्तंभ चौकातल्या वर्दळीतून वाट काढली की मात्र गल्ल्या अरुंद होऊ लागतात आणि भिंतींत जुने दगड दिसू लागतात.

कारंज्याला तट होता आणि तटाला चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. दिल्लीला जाणारा रस्ता आणि शेजारच्या पोह्याला जाणारा रस्ता एकाच मानाचे, याचं मला फार कौतुक वाटतं. व्यापाऱ्याच्या गावाला असंच शोभतं; गिऱ्हाईक दूरचं असो की जवळचं, दार सारखंच.

आणि गाव होतंच तेवढं श्रीमंत. इथल्या कस्तुरीच्या हवेलीची कथा आजही सांगतात: आलेली सगळी कस्तुरी एका सावकारानं विकत घेतली आणि वाड्याच्या चुन्यात कालवली. कथा कथेसारखी ऐकावी. पण या वैभवाची दुसरी साक्ष इतिहासातच आहे. 1670 मध्ये सुरतेच्या लुटीनंतर आणि वणी-दिंडोरीच्या लढाईनंतर शिवाजी महाराजांची फौज थेट वऱ्हाडात उतरली ती कारंज्यावर. सोनं, रुपं आणि उंची कापड चार हजार बैल-गाढवांवर लादून नेलं, सुमारे एक कोटीचा ऐवज होता, असं इतिहासकारांनी नोंदवलंय. धनवान धरून नेले. निसटले ते बायकांचे कपडे घालून. महाराजांच्या फौजेत बाईला धक्का लागणार नाही, एवढा भरवसा मोगलांच्या मुलखातल्या सावकारालाही होता. वेशीतून चालताना मला लुटीपेक्षा हा भरवसाच जास्त आठवतो.

त्याच्याही आधी, 1378 च्या सुमारास इथं जन्मलेला एक मुलगा या गावातून गेला. माधव आणि अंबा यांचा लेक. मुंज झाली आणि लहान वयातच तो आईचा निरोप घेऊन काशीच्या वाटेला लागला. पुढं संन्यासी होऊन आईवडिलांना भेटायला एकदा परत आला आणि पुन्हा गेला, नरसोबाची वाडी आणि गाणगापूर थोर करायला. ते नृसिंह सरस्वती. गावाला आपल्या या लेकराचं घर पुन्हा सापडायला शतकं जावी लागली. वासुदेवानंद सरस्वतींनी ते स्थान ओळखलं आणि ब्रह्मानंद सरस्वतींच्या पुढाकारानं 1934 मध्ये गुरुमंदिर उभं राहिलं. आज गुरुवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. दर्शनाला आलेल्या बायका प्रसादाची पुडी पदराला बांधून एसटीकडं धावतात. आईचं दुःख घरोघरी माहीत असलेल्या या बायकांना अंबेची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

पण मला ज्या दारापाशी सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं, ते जैन मंदिरांचं. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरं कारंज्यात आहेत. भट्टारकांच्या, म्हणजे जैन मठाधिपतींच्या, गाद्या इथं होत्या. काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडावरचं कोरीवकाम पाहायला मान वर करून उभं राहावं लागतं. आणि या मंदिरांच्या भांडारांत पोथ्या होत्या. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात पुष्पदंत नावाच्या कवीनं अपभ्रंशात काव्यं लिहिली. राजधानी उद्ध्वस्त झाली, भाषा बोलण्यातून गेली, पण कुणीतरी नकला करत राहिलं, कुणीतरी त्या कापडात बांधून ठेवत राहिलं. विसाव्या शतकात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे हिरालाल जैन या बासनांपर्यंत पोचले. ‘जसहरचरिउ’ परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादून 1931 मध्ये, ‘णायकुमारचरिउ’ स्वतः हिरालालजींनी 1933 मध्ये, पुढच्याच वर्षी ‘करकंडचरिउ’, असे ग्रंथ कारंज्याच्या ग्रंथमालांतून छापून निघाले. आपल्या मराठीच्या आधीची बोली कशी होती हे समजायला जगभरचे अभ्यासक ज्या पानांकडं वळतात, त्यांतली कित्येक या गल्लीतून बाहेर पडली. हिरालालजी अमरावतीहून येताना मूर्तिजापूरला गाडी बदलून शकुंतलेतच बसले असतील, असं मी मनात धरून चालतो. पोथ्या पाहायला निघालेल्या माणसाला ताशी वीस किलोमीटरचा वेग पुरला असेल.

सोनं बैलांवर लादून गेलं, कापूस डब्यांतून गेला, एक लेकरू काशीला गेलं. पोथ्या मात्र राहिल्या आणि त्यांनीच हे गाव सर्वांत दूर नेलं.

दारव्हा वेशीपाशी येऊन मी थांबतो. शकुंतला इथून पुढं दारव्ह्यालाच जायची. वेशीचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच. हे रूळ रुंद करून मोठी गाडी आणा, ही मागणी वर्षानुवर्षं चालू आहे आणि मलाही ती गाडी हवी आहे. यवतमाळच्या पोरांना, दारव्ह्याच्या कास्तकारांना, गुरुवारच्या बायकांना ती मिळालीच पाहिजे. फक्त नवं स्टेशन बांधताना जुनी इमारत पाडू नये. अडीच फुटांचे रूळ थोडेसे तरी तसेच ठेवावेत. चारही वेशींपाशी एकेक पाटी लावावी, आणि फलाटावर उतरणाऱ्याला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहावं: गुरुमंदिर, कस्तुरीची हवेली, पोथ्यांची मंदिरं, दारव्हा वेस. पायी जाता येतं.