सात किलो

कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर शर्यत असली की आदल्या रात्री घरीच गाडीची चार चाकं चार काट्यांवर चढवतो. गॅरेजची फरशी उतरती. लेव्हल पाइप लावून काट्यांखाली टाइलचे तुकडे सरकवतो. अँटीरोल बार सोडवतो. लेक झोपलेला असतो, म्हणून सीटवर त्याच्या वजनाचे ६८ किलो तांदूळ. एका कोपऱ्याची स्प्रिंग आवळली की तो आणि त्याच्या तिरकस समोरचा कोपरा जड होतो, उरलेले दोन हलके. एकूण वजन तेवढंच. दोन्ही कर्णांवर निम्मं-निम्मं यायला हवं.

यंदा मध्यरात्री ते जुळलं. ही दारातून म्हणाली, "अहो, अपघातानंतर तो ६१ वर आलाय."

सात किलो तांदूळ काढले. पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.